शाश्वत पर्यटनातल्या स्टार्टअपला हातभार लावायचाय? आधी ऑर्डर द्या

पर्यटनातल्या स्टार्टअपना बक्षिसं भरपूर मिळतात. स्पर्धा होतात, पुठ्ठ्याचा भलामोठा चेक हातात धरून फोटो निघतात, तीन महिन्यांचं प्रशिक्षण होतं आणि शेवटच्या दिवशी गुंतवणूकदारांसमोर सादरीकरण. मग जो तो आपल्या कामाला लागतो. वर्षभराने त्यातल्या एखाद्या संस्थापकाला फोन लावला, तर व्हीलचेअरवरच्या प्रवाशांसाठी सहली आखणारी त्याची कंपनी आता साधी हॉटेल बुकिंगं करून पगार भागवत असते. कल्पनेत काही खोट नव्हती. गिऱ्हाईक वेळेवर मिळालं नाही.

निसर्ग आणि स्थानिकांना जपणाऱ्या (‘शाश्वत’) आणि कुणालाही न वगळणाऱ्या (‘समावेशक’) अशा उद्योगांना मदत करायची इच्छा आहे पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशांसाठी हा लेख आहे. तुम्ही नव्या उद्योगांना घडवणाऱ्या संस्थेत, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये असाल, एखाद्या कंपनीचा सामाजिक निधी सांभाळत असाल, हॉटेल किंवा सहल कंपनी चालवत असाल, स्थानिक प्रशासनात असाल, नाहीतर गाठीला थोडा पैसा आणि बराच अनुभव असलेली एकटीदुकटी व्यक्ती असाल. पायऱ्या सगळ्यांना त्याच. कुठल्या पायरीवर जास्त थांबायचं ते तुमच्या हातात काय आहे यावर ठरेल.

पहिली पायरी: आपल्याकडे देण्यासारखं काय आहे ते ठरवा

मदत म्हटली की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पैसा येतो. पण हॉटेलवाल्याकडे आयते पाहुणे असतात. मोठ्या कंपनीकडे वर्षाकाठी होणाऱ्या बैठका आणि कर्मचाऱ्यांच्या सहली असतात. प्रशासनातल्या माणसाला कुठली परवानगी कोणत्या टेबलावर अडते ते ठाऊक असतं. हिशेबनीस आठवड्यातली एक संध्याकाळ देऊ शकतो. संरक्षित जंगलात पाहुणे न्यायचे तर अर्ज कुणाकडे करायचा, एवढी एक माहिती कधीकधी मोठ्या रकमेपेक्षा जास्त कामाची ठरते.

किती काळ मदत करणार तेही आत्ताच ठरवा. माझ्या मते दोन हंगामांपेक्षा कमी काळासाठी यात पडूच नये. पर्यटनात पहिला हंगाम कुठे काय अडतं हे कळण्यातच जातो आणि सुधारणा दिसते ती दुसऱ्या हंगामात. सहा महिन्यांचा कार्यक्रम नेमका पाहुणे नसलेल्या महिन्यांत आला, तर स्टार्टअपला एकही पाहुणा न हाताळता ‘पदवी’ मिळते.

दुसरी पायरी: ‘शाश्वत’ आणि ‘समावेशक’ हे शब्द पारखून घ्या

यासाठी नव्याने काही शोधून काढायची गरज नाही. जागतिक शाश्वत पर्यटन परिषदेचे, म्हणजे जीएसटीसीचे निकष २००८ पासून उपलब्ध आहेत आणि ते कुणालाही फुकट वाचता येतात. त्यांचे चार भाग आहेत: व्यवस्थापन, स्थानिकांचा सामाजिक-आर्थिक फायदा, संस्कृतीचं जतन आणि पर्यावरण. हॉटेल आणि सहल कंपन्यांसाठी निकष वेगळे, एखाद्या पूर्ण पर्यटनस्थळासाठी वेगळे. नवख्या स्टार्टअपकडून सगळ्यांची पूर्तता मागू नका. चारही भागांत त्यांनी निदान एकेक तरी ठोस गोष्ट केली आहे का, एवढंच बघा. तीन भागांत शांतता आणि चौथ्यात बांबूचे टूथब्रश, असं असेल तर जरा सावध व्हा.

आणखी एक खूण सांगतो. कुणी म्हणालं, ‘आम्हाला जीएसटीसीचं सर्टिफिकेट आहे’, तर ते कुणी दिलं ते विचारा. ही परिषद स्वतः हॉटेलांना किंवा कंपन्यांना प्रमाणपत्रं देत नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना ती मान्यता देते. प्रामाणिक माणूस त्या संस्थेचं नाव लगेच सांगतो.

नुसतं ‘इको’, ‘ग्रीन’ लिहून भागण्याचे दिवसही सरत आले आहेत. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या नियमांनुसार, पुराव्याशिवाय असे मोघम दावे करणं किंवा फक्त कार्बन क्रेडिट, म्हणजे दुसरीकडे कमी झालेल्या उत्सर्जनाचं श्रेय, विकत घेऊन एखादी सेवा ‘कार्बन न्यूट्रल’ म्हणून विकणं २७ सप्टेंबर २०२६ पासून बंद होणार आहे. युरोपातले पाहुणे घेणाऱ्या स्टार्टअपने आपली वेबसाइट आत्तापासूनच साफ केलेली बरी. हे तुम्ही त्यांना वेळेत सांगितलंत तरी ती मदतच झाली.

कार्बनचा विषय निघालाच आहे तर एक आकडा लक्षात ठेवा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार जगाच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी सुमारे ८ टक्के पर्यटनातून होतं आणि त्यात प्रवासाचा वाटा मोठा आहे. त्यामुळे खोलीतली प्लास्टिकची बाटली गेली का, यापेक्षा पाहुणा किती लांबून येतो आणि किती दिवस राहतो हा प्रश्न वजनदार आहे. जवळच्या प्रवाशांना रेल्वेने आणून चार रात्री ठेवणारी साधीसुधी कंपनी दिसायला आकर्षक नसेल, पण हिशेबात ती बऱ्याच चकचकीत ‘इको रिसॉर्ट’ना मागे टाकते.

समावेशकतेला दोन बाजू आहेत आणि स्टार्टअप बहुधा एकीबद्दलच बोलतं. एक बाजू पाहुण्यांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे १३० कोटी लोकांना लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व आहे, म्हणजे साधारण दर सहा माणसांत एक. त्यात गुडघे दुखणारे आजी-आजोबा, बाबागाडी ढकलणारे आईबाप आणि गर्दी-गोंगाट सहन न होणारी मुलं धरली, तर हा ‘खास वर्ग’ राहत नाही, तो बाजार होतो. दुसरी बाजू कमावणाऱ्यांची. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेच्या २०१९ च्या अहवालात जगभरच्या पर्यटन क्षेत्रात ५४ टक्के कामगार स्त्रिया असल्याचं आणि त्यांची कमाई पुरुषांपेक्षा १४.७ टक्क्यांनी कमी असल्याचं नोंदवलं आहे. म्हणून ‘आमच्याकडे ७० टक्के महिला’ हे ऐकून खूश होऊ नका. दर कोण ठरवतं, बुकिंग कुणाच्या फोनवर येतं आणि बँक खात्यावर सही कुणाची, हे तीन प्रश्न विचारा.

तिसरी पायरी: जाऊन बघा, टेप घेऊन

सादरीकरणाच्या स्लाइडवर सगळंच छान दिसतं. प्रत्यक्ष जागेवर जा, शक्य तर पूर्ण पैसे भरून पाहुणा म्हणून जा आणि खिशात मोजायची टेप ठेवा.

‘व्हीलचेअरसाठी सोयीची’ म्हणून दाखवलेली खोली घ्या. दार पूर्ण उघडल्यावर मोकळी रुंदी किती उरते ते मोजा. ८० सेंटिमीटरपेक्षा कमी भरली तर बऱ्याच खुर्च्या आत जाणारच नाहीत. बाहेर एक पायरी आहे आणि तिच्यावर लाकडी फळी टाकून ‘रॅम्प’ केला आहे? सर्वमान्य उतार १:१२ चा. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या पायरीला १८० सेंटिमीटर लांबीचा रॅम्प लागतो. फळी निम्मीच असेल तर एकट्याने वर चढणं अवघड आणि उतरताना तोंडावर पडायची भीती. आता न्हाणीघर बघा. दार आत उघडतं का? तसं असेल तर खुर्ची आत गेल्यावर दार लागत नाही. माणूस आत पडला तर बाहेरून उघडतही नाही. खुर्ची जागच्या जागी वळवायला साधारण दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते आणि नेमकी तिथे बादली, स्टूल आणि कपड्यांची टोपली ठेवलेली असते. कमोडशेजारचा आधाराचा दांडा हाताने जोरात ओढून बघा. टाइलला नुसता चिकटवलेला दांडा वजन पडलं की हातात येतो.

हे सगळं बघायला तासभर लागतो आणि निघणाऱ्या यादीतली निम्मी कामं एखादा सुतार एका दिवसात उरकतो. स्टार्टअपला हीच यादी हवी असते. अधिक खोलात जायचं असेल तर सर्वांसाठी सुलभ पर्यटनाचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ २१९०२, २०२१ पासून आहे. पण सगळ्यात चांगला तपासनीस म्हणजे जो रोज व्हीलचेअर वापरतो तो. त्याला बोलवा आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. फुकटात ‘अभिप्राय’ घ्यायची सवय या क्षेत्राला फार आहे.

नेमक्या मापांना किती किंमत असते हे अपंग प्रवाशांना राहायच्या जागा शोधून देणाऱ्या अॅकोमेबल या ब्रिटिश स्टार्टअपने दाखवून दिलं. श्रीन मडिपल्ली आणि मार्टिन सिब्ली या दोघा मित्रांनी ते २०१५ मध्ये सुरू केलं. दोघेही स्वतः व्हीलचेअर वापरणारे. ‘सुलभ आहे’ असं नुसतं लिहिण्याऐवजी जागेचे फोटो आणि खरीखुरी माहिती द्यायची, हा त्यांचा आग्रह. २०१७ मध्ये एअरबीएनबीने ती कंपनी विकत घेतली. बर्लिनमधून २०१० मध्ये सुरू झालेला व्हीलमॅप हा नकाशाही असाच. कुठलीही जागा कितपत सुलभ आहे हे कुणीही त्यावर सिग्नलच्या रंगांत नोंदवू शकतं. तुमच्या स्टार्टअपने गोळा केलेली मापं अशा खुल्या नकाशावर गेली तर त्यांचा फायदा त्यांच्या गिऱ्हाइकांपलीकडेही पोचतो.

त्याच भेटीत पैशाचा माग काढा. संस्थापकासोबत बसून एका पाहुण्याचं बिल घ्या आणि शंभरातले किती कुठे गेले ते कागदावर लिहा. ऑनलाइन बुकिंग साइटचं कमिशन बऱ्याचदा १५ टक्के किंवा त्याहून जास्त असतं. गाडी कुणाची, भाजी कुठून आली, वाटाड्याला किती मिळाले, जागेचा मालक कुठे राहतो? शेवटी त्या परिसरात किती उरले? हा आकडा संस्थापकाला आधीपासून माहीत असेल तर फार चांगलं लक्षण. माहीत नसेल पण तो उत्सुकतेने आकडेमोडीला बसला, तरी चालेल. बोलणं उडवून लावलं तर पुढची पायरी चढू नका.

निघण्याआधी चालक, स्वयंपाकी आणि वाटाड्या यांच्याशी संस्थापकाच्या गैरहजेरीत दहा मिनिटं गप्पा मारा. शेवटचे पैसे कधी मिळाले, एवढं विचारलं की पुरे.

चौथी पायरी: ऑर्डर द्या

माझं सगळ्यात ठाम मत इथे आहे. स्टार्टअपला पहिलं नियमित गिऱ्हाईक मिळवून देणं ही सगळ्यात मोठी मदत, आणि तीच सगळ्यात कमी केली जाते. अनुदान संपतं. हंगामाचे बारा गट नक्की आहेत हे कळलं की माणूस वाटाड्या पगारावर ठेवतो, बँकेशी बोलतो, गाडीला लिफ्ट बसवून घेतो.

हॉटेल असेल तर पाहुण्यांना सुचवायच्या फेरफटक्यांपैकी एक त्यांना द्या. सहल कंपनी असेल तर चालू कार्यक्रमातला एक दिवस. मोठी कंपनी असेल तर वार्षिक सहल किंवा बाहेरगावची बैठक. सरकारी खातं असेल तर संग्रहालयाच्या सुलभतेची तपासणी.

पण इथे खरेदी विभाग आडवा येतो. पुरवठादार म्हणून नोंदणी करायला तीन वर्षांचे ताळेबंद हवेत, अमुक इतकी उलाढाल हवी, मोठ्या रकमेचा विमा हवा आणि बिल ९० दिवसांनी मिळणार. दीड वर्षाच्या कंपनीकडे यातलं काहीच नसतं. तुम्ही आतले असाल तर तुमचं खरं काम हेच. छोट्या खरेदीसाठी सोपा मार्ग बहुतेक संस्थांत असतो, तो शोधा. ताळेबंदाऐवजी दोन जुन्या गिऱ्हाइकांचे संदर्भ चालतील का ते विचारा. निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली आठवड्यात, असं लिहून घ्या. पर्यटनात खर्च आधी होतो, गाडी आणि खोल्यांचे पैसे पाहुणा यायच्या आधीच भरावे लागतात. त्यामुळे ९० दिवसांची उधारी म्हणजे तुमच्या कंपनीला स्टार्टअपने दिलेलं बिनव्याजी कर्जच, आणि त्याला आपण ‘सहकार्य’ म्हणतो.

करार दोन पानांत बसवा. किती गट, कोणत्या तारखा, दर काय, रद्द केलं तर कुणाला किती मिळणार, पाहुण्याला दुखापत झाली तर जबाबदारी कुणाची, आणि अभिप्राय कोण कधी देणार. दर ठरवताना घासाघीस करून त्यांना नुकसानीत ढकलू नका, कारण त्याची कात्री शेवटी वाटाड्याच्या रोजावर चालते. ‘फक्त आमच्यासाठीच काम करा’ ही अट घालू नका. आणि ‘तुमची प्रसिद्धी होईल’ म्हणून फुकट मागू तर अजिबात नका.

सुरक्षिततेवर मात्र मुळीच सूट नको. एका अपघाताने छोटी कंपनी कायमची बसते. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालंय का, फोनला रेंज नसलेल्या जागी काय करायचं ते लिहून ठेवलंय का, जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर आहे? पोहता न येणाऱ्याला, ऐकू न येणाऱ्याला धोक्याची सूचना कशी देणार? मोठ्या संस्थेला आपल्या विमा पॉलिसीखाली छोट्या भागीदाराला घेणं कधीकधी शक्य असतं. विमा एजंटशी एकदा बोलून बघा.

पाचवी पायरी: पैसा द्यायचा तर हंगाम बघून द्या

या धंद्याचं उत्पन्न वर्षातल्या थोड्याच महिन्यांत येतं आणि खर्च बाराही महिने चालतो. त्यात मोठा झटका बसला तर काय होतं ते २०२० ने दाखवलं. त्या वर्षी जगभरातल्या आंतरराष्ट्रीय पर्यटकांची संख्या आधीच्या वर्षापेक्षा ७० टक्क्यांहून जास्त घसरली. महिन्याला सारखा हप्ता मागणारं कर्ज अशा धंद्याला मानवत नाही. हप्ता उत्पन्नाशी जोडा. हंगामात जास्त, एरवी नाममात्र किंवा शून्य. उत्पन्नाचा ठरावीक टक्का देत देत ठरलेली रक्कम फेडायची, असाही प्रकार आहे आणि तो इथे चांगला बसतो.

समभाग घेण्याबाबत जपून. दरवर्षी दुप्पट-तिप्पट वाढ हवी असणारा गुंतवणूकदार आणि शाश्वत पर्यटन यांचं फार काळ पटत नाही, कारण जागेला मर्यादा असते. फिलिपिन्समधलं बोराकाय बेट २०१८ मध्ये सहा महिने पर्यटकांसाठी बंद ठेवावं लागलं, कारण सांडपाणी थेट समुद्रात जात होतं. थायलंडमधली माया बे त्याच वर्षी बंद झाली आणि प्रवाळांना सावरायला वेळ देऊन २०२२ मध्ये पुन्हा उघडली. रोज वीस पाहुण्यांवर थांबायचं असं ठरवलेल्या कंपनीला ‘दोनशे का नाही?’ असं विचारणारा भागीदार मिळाला, तर त्या कंपनीचं मूळ कामच संपतं. सॉफ्टवेअर विकणारं, मापांची माहिती जमवणारं, बुकिंगची यंत्रणा उभारणारं स्टार्टअप असेल तर गोष्ट वेगळी. ते जागा न भरता वाढू शकतं, तिथे समभाग ठीक आहेत.

अनुदान कशाला द्यायचं? ज्यातून लगेच कमाई होत नाही पण ज्याच्याशिवाय पुढचं अडतं त्याला. सुलभतेची तपासणी, रॅम्प, वाटाड्यांना सांकेतिक भाषेचं प्रशिक्षण, पाण्याचा मीटर, दृष्टिहीनांना स्क्रीन रीडरवर, म्हणजे मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, वापरता येईल अशी वेबसाइट. वेबसाइटसाठी डब्ल्यूसीएजी नावाचे जागतिक निकष आहेत, डेव्हलपरला तेवढं नाव सांगितलं की त्याला कळतं. पगारासाठीही अनुदान द्यायला हरकत नाही. बरेच देणारे वस्तूंना पैसे देतात, माणसाला देताना हात आखडतात. मला ते कधीच समजलेलं नाही.

पैशाबरोबर एक शिस्तही द्या: पाहुण्यांनी भरलेले आगाऊ पैसे वेगळ्या खात्यात. आगाऊ रक्कम म्हणजे उत्पन्न नाही, पाहुणा येऊन जाईपर्यंत ती उधारीच असते. ती आधीच खर्च झाली आणि वादळामुळे दहा बुकिंगं रद्द झाली, की परतावा द्यायला पैसे नसतात. मग नाव जातं ते जातंच.

सहावी पायरी: स्थानिकांचा वाटा कागदावर आणा

‘आम्ही गावाला बरोबर घेऊन चालतो’ हे वाक्य प्रत्येक माहितीपत्रकात असतं. गावाचा हक्क नेमका कशावर, ते विचारा. नामिबियाचं उदाहरण अभ्यासण्यासारखं आहे. तिथे १९९६ मध्ये कायद्यात बदल झाला आणि सामुदायिक जमिनीवरच्या लोकांना संवर्धन मंडळं स्थापून वन्यजीव आणि पर्यटनातून मिळणाऱ्या उत्पन्नावर हक्क सांगता येऊ लागला. आज अशी ऐंशीहून अधिक मंडळं आहेत. खासगी लॉजवाल्याला त्यांच्याशी करार करावा लागतो आणि बोलणी करताना गावाच्या हातातही पत्ते असतात. कायद्याचं बळ सगळीकडे नसतं, म्हणून करारात ते आणावं लागतं.

तुम्ही मदत करत असलेल्या स्टार्टअपचा गावाशी करार लोकांच्या भाषेत आहे का? पाहुणे कमी आले तरी मिळेल अशी किमान रक्कम त्यात आहे का? दिवसाला किती पाहुणे, हा निर्णय कुणाचा? लोकांचे, विशेषतः मुलांचे फोटो वापरण्याबद्दल काय ठरलंय? बैठक झाली तेव्हा बायका बोलल्या, की मागे उभ्या होत्या?

नाही म्हणायचा हक्कही त्यात हवा. ऑस्ट्रेलियातल्या उलुरू खडकावर पर्यटक वर्षानुवर्षं चढत. तिथल्या अनंगू लोकांसाठी ती पवित्र जागा, चढू नका असं ते सांगत आले होते. अखेर २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढाई बंद झाली. जी गोष्ट स्थानिकांना विकायचीच नाही तिच्यावर कुणी स्टार्टअप उभं करत असेल, तर तिथे पाठबळ न देणं हेच बरोबर.

मालकीचे वेगळे नमुनेही बघा. इटलीतल्या बोलोन्यातून सुरू झालेली, राहायच्या जागांचं ऑनलाइन बुकिंग करणारी फेअरबीएनबी ही सहकारी संस्था आपल्या कमिशनचा निम्मा वाटा स्थानिक सामाजिक प्रकल्पांना देते. हे सगळीकडे जमेलच असं नाही, पण ‘प्लॅटफॉर्मचा मालक कोण?’ हा प्रश्न तरी डोक्यात येतो.

सातवी पायरी: मोजा, पण बेताने

चार माणसांच्या कंपनीकडून चाळीस पानांचा प्रभाव अहवाल मागणं म्हणजे त्यातल्या एकाला पूर्णवेळ कारकून करणं. मी पाच आकडे मागेन. शंभरातले किती परिसरात उरले, पाहुण्याचा सरासरी मुक्काम किती रात्रींचा, हंगाम नसताना स्थानिकांना किती दिवस काम मिळालं, एका पाहुण्यामागे एका रात्रीला पाणी आणि कचरा किती, आणि सुलभतेची गरज असलेले किती पाहुणे आले व त्यातल्या किती जणांनी तक्रार केली. पहिल्या दिवसाचे आकडे लिहून ठेवा, नाहीतर वर्षाने तुलना कशाशी करणार?

तक्रारी वाढल्या तर घाबरू नका. व्हीलचेअरवरचे पाहुणे यायला लागले की तक्रारीही येतात. ते येतच नव्हते तेव्हा तक्रारी शून्य होत्या. मदत करणाऱ्याने हे आपल्या संचालक मंडळाला आधीच सांगून ठेवावं, म्हणजे स्टार्टअपला आकडे लपवायचा मोह होत नाही.

आठवी पायरी: सल्ला कमी, फोन जास्त

मार्गदर्शकांची लांबलचक यादी कुणाच्याच कामाची नसते. एकच माणूस ठेवा, महिन्यातून एकदा ठरलेल्या वेळी बोला आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न सोडवा. सल्ला देण्यापेक्षा त्यांच्यासमोर योग्य माणसाला फोन लावणं जास्त उपयोगी. हंगामाच्या ऐन गर्दीत बैठका, भेटी, ‘केस स्टडी’साठी मुलाखती ठेवू नका. तेव्हा संस्थापक स्वतः पाहुण्यांचं सामान उचलत असतो.

नववी पायरी: बंद पडलं तर काय, ते सुरुवातीलाच लिहा

सगळी स्टार्टअप टिकत नाहीत. बंद पडल्यावर सगळ्यात जास्त फटका बसतो तो गावातल्या घरमालकांना आणि वाटाड्यांना. त्यांनी खोली वाढवलेली असते, कर्ज काढलेलं असतं. म्हणून पहिल्याच करारात तीन गोष्टी नमूद करा. पाहुण्यांचे आगाऊ पैसे आधी परत. मग स्थानिकांची थकबाकी, आणि ती गुंतवणूकदाराच्या आधी. जमवलेली माहिती, म्हणजे खोल्यांची मापं, सुलभ वाटांचे नकाशे, वाटाड्यांची प्रशिक्षणाची कागदपत्रं, ही स्थानिक गटाकडे किंवा हेच काम करणाऱ्या दुसऱ्या संस्थेकडे सोपवायची. पाहुण्यांची खासगी आणि आरोग्याची माहिती मात्र सोपवायची नाही, पुसून टाकायची.

ही माहिती कुठल्या फाइलमध्ये आहे, पासवर्ड कुणाकडे आहे आणि ती कोण कुणाला देणार, याचं एक पान करून करारालाच जोडा. दर हंगाम संपल्यावर ते पान अद्ययावत झालंय का, तेवढं फोन करून विचारा.